दोनशे बारा किलोमीटरवरचा पाऊस

चार नोव्हेंबरला आमच्या रस्त्यावर, दोनशे बारा किलोमीटरपाशी, चाळीस मिनिटं पाऊस पडला असं कागदावर होतं. मी ती ओळ वाचली, चष्मा सोग्याला पुसला आणि पुन्हा वाचली. त्या दिवशी मी तिथंच होतो. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. लेक आणि नातवंडं शहराकडं परतली की मला घर खायला उठतं, म्हणून सकाळपासून किलोमीटरच्या दगडाला टेकून बसलो होतो. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. आमच्या माण तालुक्यात पावसाळ्यातसुद्धा पाऊस वाट चुकल्यासारखा येतो, आणि हा कागद नोव्हेंबरातला पाऊस सांगत होता.

"आबा, काय झालं?" फरहानानं विचारलं.

"काही नाही. अक्षर बारीक आहे," मी म्हणालो.

अक्षर चांगलं ठसठशीत होतं.

फरहाना मुलाणी ही इंजिनिअर. मूळची विट्याची, नोकरी दिल्लीतल्या मार्गनियोजन कक्षात. पुढच्या तीस वर्षांत देशात कुठं रस्ता, कुठं रेल्वे, कुठं पूल, हे सगळं तिथं ठरत होतं. आमचा जुना दुपदरी रस्ता जाऊन तिथं सहापदरी मार्गिका येणार होती. दोन्ही बाजूंना कुंपण आणि वरून चालकाविना धावणारे मालट्रक. ते ट्रक हात केला म्हणून थांबत नाहीत, आणि त्यांना शिवीही देता येत नाही.

ती पहिल्यांदा आली तेव्हा सगळ्या गावानं तिला माझ्याकडं धाडलं होतं. "रस्त्याचं काय इचारायचं तर केरबाला इचारा. त्यो रस्त्यालाच लगीन लावून बसलाय."

मी मैलकुली होतो. आता हा शब्द समजावून सांगावा लागतो. पूर्वी रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला एक माणूस असे. माझ्याकडं दोनशे आठ ते दोनशे चौदा. खड्डा पडला की मुरूम टाकून चोपायचा, साइडपट्टी सारखी करायची, रस्त्याखालच्या मोऱ्यांची तोंडं गाळ काढून मोकळी ठेवायची, झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना, दगडांना चुना. उन्हाळ्यात लिंबाखाली रांजण भरून ठेवायचा. तो सरकारी कामात नव्हता, पण रांजण कोरडा दिसला तर एसटीचे ड्रायव्हर हॉर्न वाजवून मला शिव्या देत जायचे. त्या सहा किलोमीटरमधला कुठला खड्डा कुठल्या वर्षीचा, हे मला पोरांच्या वाढदिवसांपेक्षा जास्त ठाऊक होतं. छत्तीस वर्षं तेच केलं. डांबराचं पिंप घसरून डावा पाय चेचला, तो तेवढा कायमचा लंगडा राहिला.

फरहानानं पहिल्याच दिवशी मला तारेची गोष्ट सांगितली. रस्त्याच्या कडेनं फोन आणि इंटरनेटसाठी पुरलेली केसाएवढी काचेची तार असते. तिच्यात प्रकाशाचा ठोका सोडायचा. काच कितीही स्वच्छ ओतली तरी तिच्यात डोळ्याला न दिसणारे दोष राहतातच, आणि प्रत्येक दोषावरून थोडासा प्रकाश मागं फिरतो. वर कुणी चाललं की जमीन थरथरते, तार कणभर ताणली जाते आणि मागं येणारा प्रकाश तेवढाच बदलतो. तो किती वेळानं परतला यावरून कुठली जागा हलली ते कळतं.

"म्हणजे दर दहा पावलांवर एक कान पुरलाय असं समजा," ती म्हणाली. "आणि तार आधीच पुरलेली आहे. देशभर. नवीन काही खोदायला नको. आपल्यासारख्या देशाला हेच परवडतं."

"पण ऐकायचं कशाला?"

"रस्ता कुणाला लागतो ते कळायला. आधी आम्ही फोनवरून मोजायचो. ज्याच्याकडं फोन तो माणूस, बाकीचे नाहीतच. आता पाय मोजतो. पायाला रिचार्ज लागत नाही, आबा." हे सांगताना तिचे डोळे चमकत. तिची आजी विट्याच्या बाजारात डोक्यावर पाटी घेऊन नऊ मैल चालत जायची आणि कुठल्याच मोजणीत आली नव्हती, हे तिनं मला नंतर सांगितलं.

"माझे पाय ऐक बरं," मी म्हणालो आणि दगडापासून लिंबापर्यंत चालत गेलो.

तिनं हातातल्या पाटीसारख्या पडद्यावर बघितलं. "एक माणूस. वयस्कर. डावा पाय उशिरा पडतो."

मला हसू आलं. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्यानंतर माझ्या पायाकडं एवढं लक्ष कुणी दिलं नव्हतं.

पण यंत्र चुकतंही. म्हणून दर टप्प्याला एक भूसाक्षी नेमायचा होता. वर्षभरात ऐकलेल्यातल्या तीनशे ओळी यंत्र त्याच्याकडं धाडणार. अमुक दिवशी ट्रॅक्टर गेला, तमुक दिवशी वऱ्हाड गेलं. साक्षीनं आठवून, चौकशी करून बरोबर किंवा चूक लिहायचं आणि खाली सही करायची.

"तुमच्या ओळींवरून ते शिकतं," फरहाना म्हणाली. "तुम्ही त्याचे मास्तर. इथं जे शिकेल, तेच ते सगळ्या देशात खरं धरेल."

मास्तर या शब्दावर मला गुरव बाई आठवल्या.

मी छत्तिसाव्या वर्षी अक्षरं शिकलो. तोवर पत्र्याच्या छाप्यानं दगडांवर गावांची नावं रंगवायचो आणि त्या आकृत्या म्हणजे काय हे मुकादमानं सांगितलं तसं लक्षात ठेवायचो. मुकादम चेष्टेखोर होता. त्यानं मला म्हसवडच्या आकृतीला सातारा म्हणायला शिकवलं होतं. मी सहा वर्षं छातीठोकपणे वाटसरूंना वाट सांगितली. एकदा एक आख्खं वऱ्हाड उलट्या दिशेला धाडलं. नवरदेव संध्याकाळी परत त्याच दगडापाशी उतरला आणि मला मारायला धावला.

गुरव बाई आमच्या वस्तीशाळेवर होत्या. शाळा सुटली की दोनशे बाराच्या दगडापाशी एसटीची वाट बघत उभ्या राहायच्या. त्यांनी हा प्रकार ऐकला आणि पोट धरून हसल्या. मग छत्रीच्या टोकानं धुळीत अक्षर काढलं. "गिरवा." त्या दिवसापासून एसटी जितकी उशिरा, तितका माझा धडा मोठा. दोन वर्षं असं चाललं. गाडी वेळेवर आली तर मला वाईट वाटायचं. म्हसवडचं म्हसवड व्हायला मात्र इतर अक्षरांपेक्षा जास्त दिवस लागले. बाई म्हणायच्या, "कोऱ्या माणसाला शिकवणं सोपं असतं, केरबा. ज्यानं एकदा चुकीचं गिरवलंय, त्याचा हात पुनःपुन्हा तिकडंच जातो."

आता हे यंत्र मला पाऊस दाखवत होतं, आणि मला कळत होतं की कुणीतरी त्याला चुकीचं गिरवायला दिलंय.

मी कागद घरी नेला. तसल्या सहा ओळी निघाल्या. तीन नोव्हेंबरातल्या, तीन मे महिन्यातल्या. पाऊस हलका, दोन किलोमीटर लांब, रस्त्याच्या कडेकडेनं सरकत जाणारा. चुलीपुढं बसून चहा पिताना एकदम लख्ख आठवलं. चार नोव्हेंबरला मायाप्पा गेला होता.

मायाप्पा कोळेकर म्हणजे धनगर. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जायचं आणि मे संपता संपता परत यायचं, हे त्याच्या खापरपणज्यापासून चालत आलेलं. त्याची माझी ओळख भांडणानं झाली.

"ए, मेंढरं खाली घे! साइडपट्टी उकरत्यात!"

"मंग काय डोक्यावर घिऊ? तुझी पट्टी सोन्याची हाय व्हय रं?"

चार वर्षं आम्ही येता-जाता असंच बोललो. पाचव्या वर्षी त्याचं एक कोकरू माझ्या रांजणात तोंड घालताना आत पडलं आणि दोघांनी मिळून ते बाहेर काढलं. त्यानंतरही तसंच बोलत राहिलो, पण तो जाताना घोंगडीतून दुधाची चरवी काढून द्यायला लागला.

मग ऐंशीच्या दशकात एके दिवशी कळप रस्ता ओलांडत असताना ट्रक घुसला. एकोणीस मेंढरं आणि सामानाची एक घोडी. मायाप्पा घोडीचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. आमचे ओव्हरसियर शेटे रावसाहेब सायकलवरून आले, बघत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एका कागदावर अंगठा उठवायला लावला. चार महिन्यांनी तिथं माणूस ताठ उभा राहील एवढी मोरी बांधून झाली. नाला नाही, ओढा नाही, पण मोरी. तेव्हापासून मेंढरं रस्त्याखालून जायला लागली.

त्या कागदावर काय होतं ते मला बारा वर्षांनी कळलं. वाचायला यायला लागल्यावर मी कचेरीतल्या जुन्या फायली नुसत्या हौसेनं वाचायचो. तिथं माझा अंगठा सापडला. वर लिहिलं होतं, या ठिकाणी पावसाळ्यात गुडघाभर पाणी चढते, सबब मोरीची नितांत गरज आहे. मी शेटे रावसाहेबांना गाठलं. ते निवृत्त होऊन अंगणात शेवगा सोलत बसले होते.

"रावसाहेब, तिथं पाणी कधी चढलं?"

"नियमात मेंढराला जागा नव्हती, केरबा. पाण्याला होती," ते म्हणाले आणि शेवगा सोलत राहिले.

मी ही गोष्ट बाईंना सांगितली. वाटलं, हसतील. त्या म्हणाल्या, "त्यांनी चांगलंच केलं. पण आता तुम्हांला वाचता येतं. आता तुम्हांला न वाचता अंगठा देता येणार नाही." मग एसटी आली.

दुसऱ्या दिवशी मी फरहानाला दगडापाशी बोलावलं आणि सगळं सांगितलं. तिला पटेना. तिनं पडद्यावर ते सहा पाऊस उघडले, मोठे करून बघितले. हजारो बारके खूर मऊ मातीत एकदम पडतात. एकाही खुराचा ठोका वेगळा ऐकू येत नाही, नुसती सरसर. यंत्रानं ती सरसर हलक्या सरीच्या ढिगात टाकली होती. आणि पाऊस म्हटला की यंत्र तो आवाज पुसून टाकतं, गाड्या नीट ऐकू याव्यात म्हणून. त्या पुसण्यात मेंढरांबरोबरची माणसं आणि घोडीही पुसली गेली होती.

"या अल्ला," ती हळूच म्हणाली. तिला बहुतेक आजीची पाटी आठवली असावी.

"गेल्या साली आमचा टँकर पंधरा दिवस उशिरा आला," मी म्हणालो. "तालुक्यात अवकाळी पाऊस झाल्याची नोंद होती म्हणे. ती नोंद याच तारेची का गं?"

तिनं मान हलवली. पाणीवाल्यांनाही हीच माहिती जात होती.

मग तिनं नव्या मार्गिकेचा आराखडा उघडला आणि एकदम थांबली. दोनशे बारा किलोमीटरवर पाण्यासाठी मोठी पेटीमोरी काढलेली होती. तीन मीटर रुंद, अडीच मीटर उंच. यंत्राला इथं पाऊस ऐकू आला होता. त्यात आमच्या जुन्या मोरीची फाइल, गुडघाभर पाण्याची, तीही त्यानं वाचली होती. दोन्हींचा मेळ बसला होता.

"आणि इथं मेंढरं आहेत म्हणून सांगितलं तर?" मी विचारलं.

तिनं आकडे घातले. जनावरांच्या भुयारासाठी वर्षाला दहा हजार खेपा लागत. एक जनावर एकदा ओलांडलं की एक खेप. मी लहान होतो तेव्हा या वाटेनं धनगरांचे चौदा तळ जायचे, दिवसभर धूळ बसायची नाही. आता तीन उरले होते. जाता-येताच्या मिळून साडेसहा हजार खेपा.

"मग पेटीमोरी जाईल. नव्वद सेंटीमीटरचा पाइप राहील."

"कोकरू जाईल त्यातून."

"हो. घोडी जाणार नाही." तिनं पडदा मांडीवर पालथा ठेवला. "आबा, तुम्ही त्या सहा ओळींवर बरोबर अशी खूण करा. मी काही बोलणार नाही. नियमात मेंढराला जागा नाही. पाण्याला आहे."

तेच शब्द. त्या पोरीनं शेटे रावसाहेबांचं नावही ऐकलेलं नव्हतं.

मायाप्पा तेव्हा कोकणातून परतून पडीक रानात उतरलेला होता. मी त्याच्या तळावर गेलो. त्याची सून शालन तीन दगडांवर भाकरी थापत होती. घोड्या मोकळ्या चरत होत्या. मायाप्पा माझ्याएवढाच, सत्त्याहत्तरीचा, पण अजून काठीसारखा ताठ. मी त्याला सगळं सांगितलं.

तो खो खो हसला. "मंजी मी पाऊस हाय? शालन, ऐकलंस का गं? तुझा सासरा पाऊस हाय! उद्यापास्नं गावानं माझी पूजा कराय पायजे!"

"मामंजी, पाऊस आसता तर चारा नसता का उगवला," शालन म्हणाली.

"मग इचार कसला करतुयास?" मायाप्पा मला म्हणाला. "कर की सही. रावसायबानं केलीच न्हवं?"

"तेव्हा मला वाचता येत नव्हतं."

"वाचाय शिकलास आन् वाया गेलास," तो म्हणाला. अजून हसतच होता.

"मायाप्पा, ते यंत्र शिकतंय. मी पाऊस म्हणालो की ते म्हणणार, बरोबर, असाच असतो पाऊस. मग सगळ्या मुलखात जिथं जिथं मेंढरं चालतील, तिथं तिथं पाऊस. तुझ्यासारखे कुठं कुठं असतील."

"त्यांचं त्ये बघतील. मला माझी मोरी पायजे." आता तो हसत नव्हता. "नव्या रस्त्याखालनं जायाला खडकवस्तीचं भुयार, त्ये हितनं साडेपाच किलोमीटर लांब. जायाचं साडेपाच, पलीकडनं वाटंला लागाय पुन्यांदा साडेपाच. गाभण मेंढरं, कोकरं, ह्या बायका. अकरा किलोमीटर फुकाट. तू चालनार हायेस का माझ्यासंगं?"

मी उत्तर दिलं नाही. शालननं पितळीत भाकरी आणि दूध पुढं केलं. मी खाल्लं.

तीन दिवस तो कागद माझ्या उशाशी होता. एका बाजूला मायाप्पा. त्याच्यासाठी मी आयुष्यात कुणाला नाही दिल्या एवढ्या शिव्या दिल्या, आणि कुणाची नाही बघितली एवढी वाट बघितली. दुसऱ्या बाजूला ते यंत्र, ज्याला मी पाहिलं नव्हतं. ते दिल्लीत कुठल्या खोलीत असेल, कसं दिसत असेल, काही कल्पना नव्हती. पण ते माझ्यासारखंच उशिरा अक्षरओळख करून घेत होतं आणि कुणीतरी सांगेल ते खरं मानत होतं. डोळ्यांपुढं सारखं ते वऱ्हाड येत होतं. छातीठोकपणे मी त्यांना उलट्या वाटेला लावलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी मी दगडापाशी गेलो. सहाही ओळींवर चूक अशी खूण केली. पुढं शेऱ्याच्या जागेत लिहिलं, पाऊस नाही, मेंढरं आहेत. पहिल्या ओळीपुढं जागा होती म्हणून तिथं आणखी लिहिलं, मायाप्पा कोळेकर याची, त्याच्यासकट माणसं सात, घोडी चार. खाली सही केली. माझी सही लांबलचक आहे. बाईंनी आडनावासकट शिकवली होती.

तिसऱ्या आठवड्यात फरहाना धावत-पळत आली. गाडीतून उतरायच्या आधीच पडदा माझ्यासमोर धरला.

"आबा, हे बघा. तुमची ओळ गेल्यावर यंत्रानं मागच्या सहा वर्षांतले तसलेच पाऊस शोधले. तिथल्या तिथल्या साक्षींना विचारलं, हे पण पाऊस नाहीत का? आठ दिवसांत अकराशे उत्तरं आली."

पडद्यावर देशाचा नकाशा होता. त्यावर पांढऱ्या रेषा उगवत होत्या. वाळवंटातून खाली येणाऱ्या, हिमालयाच्या उतारांवरून चढणाऱ्या-उतरणाऱ्या, आमच्या पठारावरून समुद्राकडं गेलेल्या. मेंढरं, शेळ्या, उंट.

"ही बारीक रेष?"

"दक्षिणेत बदकं चालवतात. कापलेल्या भातखाचरांतून, महिनोन्‌महिने. यंत्राला ती गारपीट वाटत होती."

आम्ही दोघं हसलो. सत्त्याहत्तर वर्षं माझा समज होता की माझ्या सहा किलोमीटरपलीकडं नुसता रस्ता असतो. आता तो नकाशा बघताना वाटलं, हे सगळे लोक आमच्याच रस्त्याच्या कडेनं चाललेत, आणि कुणीतरी मैलकुली त्यांच्यावर ओरडतोय.

"आराखडा दुरुस्त होतोय," ती म्हणाली. "त्रेचाळीस नवी भुयारं. टँकरसाठीची पावसाची नोंदही सुधारली."

"आणि दोनशे बारा?"

तिनं पडदा बंद केला. "मी तीनदा लिहिलं, आबा. साडेसहा हजारच भरतात."

मायाप्पाला मी स्वतः जाऊन सांगितलं. तो उठून मेंढरांकडं गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या दिवाळीनंतर त्याची मेंढरं गेली. मी रांजण भरून बसलो होतो. तो वळला नाही. शालननं घोडीवरून हात केला तेवढाच. परतीला तेच. पुढच्या वर्षीही तेच. जुन्या मोरीचा शेवटचा उन्हाळा होता तो. आतल्या भिंती मेंढरांच्या अंगांनी घासून घासून कमरेइतक्या उंचीपर्यंत तुळतुळीत झाल्या होत्या, तेलकट हात लागलेल्या खांबासारख्या. मोरी पाडायचं यंत्र तिथं पोचलं तेव्हा पाव दिवसात सगळं झालं. लिंब गेला. दोनशे बाराचा दगड मी नव्या कामावरच्या मुकादमाकडून मागून घेतला आणि चौघांकडून उचलून अंगणात आणून ठेवला. दिवाळीला त्याला चुना लावतो.

मार्गिका सुरू झाली, कुंपण लागलं. ते ट्रक वाऱ्यासारखे जातात, आत कुणी नसतं. पहिल्या दिवशी मी कुंपणापाशी उभा राहून एकाला हात केला. सवय.

मग दिवाळी झाली. पाचव्या दिवशी सकाळी माळावर मला ती सरसर ऐकू आली. मी माळ्यावरून ट्रंक काढली. आत माझी कामावरची लाल झेंडी होती, उन्हानं विटून गुलाबी झालेली. काठी घेतली आणि पाइपापाशी जाऊन उभा राहिलो. मेंढरं आली, पाइपाच्या तोंडापाशी थबकली. एक कोकरू आत डोकावून परत आलं. मायाप्पा मागून आला. मला बघितलं, झेंडी बघितली.

"काय रं? नवीन नोकरी लागली?"

"चल. खडकवस्तीपर्यंत कडेनं सेवारस्ता आहे, ट्रॅक्टर जोरात येतात. झेंडी लागेल."

"पाऊस म्हनला आस्तास तर काय जीभ झडली आस्ती तुझी?"

"झडली नसती."

"मंग?"

"तू विचारलं होतंस, चालणार का. ते उत्तर द्यायचं राहिलं होतं."

त्यानं माझ्या डाव्या पायाकडं बघितलं. "अकरा किलोमीटर हाय, लंगड्या."

"माझ्या हद्दीत चार येतात. उरलेल्याचं बघू."

तो पुढं झाला. शालन माझ्या बाजूनं घोडी घेऊन चालायला लागली आणि माझी पाण्याची बाटली तिनं घोडीच्या गाठोड्यात खोचली. अर्ध्या तासानं मागच्या पाच-दहा मेंढ्या सेवारस्त्याच्या कडेच्या नव्या मुरमावर चढल्या. मी सवयीनं तोंड उघडणार, तेवढ्यात पुढून मायाप्पा माझ्याच आवाजात ओरडला, "ए, मेंढरं खाली घे! साइडपट्टी उकरत्यात!" त्याच्या तळावरची सगळी माणसं हसली. मीही.

खडकवस्तीच्या अलीकडं खिशातला फोन वाजला. फरहाना होती.

"आबा, साक्षीची एक ओळ आत्ताच तपासायची आहे. मेंढरं एकोणीसशे बारा, घोडी चार."

"बरोबर."

"माणसं आठ. पण मायाप्पाकाकांच्या तळावर सातच आहेत ना? तुम्हीच लिहिलं होतं." तिच्या आवाजात हसू होतं की काय होतं, कळलं नाही. "आठव्याचा डावा पाय उशिरा पडतोय. काय खूण करू? बरोबर का चूक?"

पुढं भुयाराचं तोंड दिसायला लागलं होतं. मायाप्पा थांबून मागं बघत होता.

"बरोबर कर," मी म्हणालो.